घरपट्टीच्या पावतीतलं नागरिकशास्त्र

सहामाही परीक्षा जवळ आली की संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही चाळीतून नाहीतर कॉलनीतून एक फेरी मारावी. घरोघरी एकच देखावा! आई पोळ्या लाटते आहे, पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे आणि मूल ओट्याशी उभं आहे. "नगरपरिषदेची कामं सांग," असं म्हटल्याबरोबर ते डोळे मिटून सुरू होतं : रस्ते, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, सांडपाणी... पाचव्या कामाशी गाडी अडते आणि आईचा आवाज चढतो. कोपऱ्यावरचा दिवा पंधरा दिवस बंद आहे, आज नळाला पाणी आलेलं नाही. पण त्याचा या उत्तराशी काही संबंध असेल, असं ना आईच्या मनात येत ना लेकाच्या.

गणिताला क्लास असतो, इंग्रजीला क्लास असतो. इतिहास-नागरिकशास्त्राला मात्र आपण एकच औषध देतो, "पाठ कर!" नागरिकशास्त्र तर बिचारं इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेलं. नववीत गेल्यावर त्याचं नाव राज्यशास्त्र होतं, पण मान काही वाढत नाही. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांचा पेपर, त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान. मुलं हिशेबी असतात. ती म्हणतात, एवढ्याशा गुणांसाठी कोण डोकं शिणवणार?

मी काही वर्षं माध्यमिक शाळेत हे विषय शिकवले आहेत, म्हणून हक्कानं सांगते, विषय रुक्ष नाही. आपण तो वाळवून वाढतो! मुलाच्या मनात प्रश्न उठण्याआधीच त्याच्या हातात उत्तर दिलं, की ते उत्तर कोरडं लागणारच. आणि प्रश्न उठवायला लागणारं सामान शाळेत कमी आणि आपल्या घरात जास्त असतं. ते कपाटात आहे, कागदांच्या डब्यात आहे, सासूबाईंच्या आठवणीत आहे.

लग्नाचा अल्बम काढा

'इतिहासाची साधने' हा धडा तुमच्या मुलांनी वाचलेला असेल. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुलं तिन्हींची उदाहरणं घडाघडा म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यापेक्षा एखाद्या रविवारी दुपारी स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढा. शालू आणि मुंडावळ्या ही भौतिक साधनं. लग्नपत्रिका आणि आहेराची यादी ही लिखित साधनं. मग मौखिक साधनासाठी आत्याला एक फोन आणि मामाला एक फोन. विचारायचं काय, तर "आईच्या लग्नात जेवणाला उशीर का झाला?" बघा हं काय गंमत होते ती! आत्या म्हणेल मुलीकडचे आचारी उशिरा आले, मामा म्हणेल वऱ्हाडाची बसच दोन तास उशिरा पोचली.

आता मुलाला विचारायचं, खरं कोण? पत्रिकेत मुहूर्ताची वेळ छापलेली आहे, एखाद्या फोटोत मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं आहे, त्यावरून काही कळतं का? अर्धा तास मूल नाक खुपसून बसतं. इतिहासकार याहून वेगळं काही करत नाहीत.

हे एकदा कळलं की पुढचं पाऊल टाकता येतं. शिवरायांविषयी लिहिणारी सभासदाची बखर छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. म्हणजे महाराज १६८० मध्ये गेले त्यानंतर पंधरा-सतरा वर्षांनी, त्यांच्या राज्यात वावरलेल्या माणसाकडून. मल्हार रामराव चिटणिसांची बखर आली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं उलटून गेल्यावर. दोन्ही बखरीच, पण एकीला आत्याच्या फोनची किंमत आणि दुसरीला आत्याच्या नातवाच्या नातवाच्या फोनची! पाचवी-सहावीतल्या मुलाला हे सहज समजतं. आणि हल्ली मोबाईलवर जो इतिहास सकाळ-संध्याकाळ येऊन पडतो, तो वाचताना "हे लिहिलं कुणी? केव्हा? त्यानं पाहिलं होतं का?" एवढं जरी त्यानं विचारलं, तरी पुष्कळ झालं. "इतिहासावरून भांडणं होतात बाई, त्यात मुलाला कशाला घालायचं," असं काहीजणी म्हणतात. मला उलट वाटतं. पुरावा म्हणजे काय हे घरात शिकलेलं मूल बाहेरच्या आरड्याओरड्याला लवकर बळी पडत नाही.

सनावळ्यांचं दुखणं मात्र खरं आहे. त्यावर एक घरगुती उपाय करून बघा. सुतळीचा गुंडा घ्या. एक वीत म्हणजे दहा वर्षं. आजचं टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि मागे मोजत चला. ऐंशीच्या आजीचा जन्म आठ वितींवर येतो. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती गाठ अठराव्या वितीच्या आत बसते. म्हणजे दोन आज्यांच्या आयुष्याहून थोडं अधिक, एवढंच! शिवजन्म १६३० चा, तो चाळीस विती, तीसेक फूट. सुतळी स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारी जाते. सम्राट अशोकासाठी मात्र रस्त्यावर यावं लागेल, कारण तो सव्वादोनशे वितींच्याही पलीकडे आहे. सुतळी गल्लीतून नेली की शेजारची मुलं आपोआप गोळा होतात, हा आणखी एक फायदा.

डब्यातले तीन कागद

आता नागरिकशास्त्र. प्रत्येक घरात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, त्यात महत्त्वाचे कागद असतात. त्यातली घरपट्टीची पावती काढा. आपण एकूण रक्कम बघतो, "वाढली की हो!" म्हणतो आणि घडी घालून ठेवतो. मुलाला ती ओळीओळीनं वाचू द्या. सामान्य कर असेल, वृक्ष कर असेल, शिक्षण कर असेल. आणि कुणाचं दुकान असलं तर त्या पावतीवर बहुधा आणखी एक ओळ सापडेल, रोजगार हमी कर.

"रोजगाराची हमी कुणाला? आणि दुकानदारानं का भरायची?" हा प्रश्न मुलानं विचारला की आजीला हाक मारावी.

१९७२ च्या दुष्काळात आजी आठ-दहा वर्षांची असेल. खेडेगावातली असेल तर तिला खडी फोडणारी माणसं आठवतील, शाळेत मिळालेली सुकडी आठवेल, रेशनचा तांबडा मिलो आणि त्याच्या न फुगणाऱ्या भाकरी आठवतील. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. पदर खोचून, टोपली डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बायका त्यांत मोठ्या संख्येनं होत्या. वि. स. पागे यांनी आग्रह धरलेली रोजगार हमीची कल्पना त्या दिवसांत राज्यभर रुजली. गावात काम मागणाऱ्याला काम मिळणं हा त्याचा हक्क मानावा, अशी ती योजना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि पुढे २००५ मध्ये केंद्र सरकारनं सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव डोळ्यांसमोर होता.

आता पैसा कुठून आणायचा? शहरातल्या कमावत्या माणसानं खेड्यातल्या उपाशी माणसासाठी थोडा भार उचलावा, असं ठरलं. १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कराचा कायदा केला तो या योजनेसाठीच. 'ह्यां'च्या पगाराचा कागद काढा, त्यात 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतील. फेब्रुवारीचा कागद मिळाला तर फारच छान, त्यात तीनशे कापलेले असतात! का बरं? मुलाला हिशेब करू द्या. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, झाले अडीच हजार. आणि या कराची वर्षाची कमाल मर्यादा अडीच हजार हे आपल्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे, कलम २७६ मध्ये. म्हणजे राज्यघटना दिल्लीत काचेच्या पेटीत नाही, ती बाबांच्या पगाराच्या कागदावर आहे! (तुम्ही नोकरी करत असलात तर हेही सांगा, की १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर लागत नाही.)

एका पावतीतून दुष्काळ निघाला, कायदा निघाला, घटना निघाली, आणि आजीला चारचौघांत बोलायला मिळालं ते वेगळंच. आजी मुंबईची असेल तर तिला त्याच वर्षांतला लाटणं मोर्चा आठवेल. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. दहावीच्या पुस्तकात 'सामाजिक व राजकीय चळवळी' असा धडा आला आहे. त्याचं जितंजागतं उदाहरण कदाचित तुमच्या माजघरात शेंगा सोलत बसलेलं असेल.

तिसरा कागद म्हणजे रेशनकार्ड. पिवळं, केशरी, पांढरं हे रंग मुलांना ठाऊक असतात. पण कुटुंबप्रमुख म्हणून नाव कुणाचं आहे ते विचारा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं त्या कायद्याखालच्या कार्डावर घरातली सर्वांत मोठी, अठरा वर्षं पुरी झालेली स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली आहे. तुमच्या कार्डाला तो कायदा लागू असेल आणि तरी त्यावर सासूबाईंचं किंवा तुमचं नाव नसेल, तर का नाही, हा प्रश्न मुलाच्या आधी आपल्यालाच पडायला हवा.

नाव सांगितलं नाही म्हणून

नावावरून एक गोष्ट सांगते. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुली एकदम गप्प होत, मुलं खुसखुसत आणि मग तीही गप्प होत.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदार सतरा कोटींच्या वर, आणि लिहितावाचता येणारे शंभरात अठरा. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह चिकटवलं होतं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. लाखो पोलादी पेट्या लागल्या, त्यांतल्या पुष्कळ मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. इतकी सगळी तयारी! आणि मतदारयाद्या करणारे कारकून दारोदार गेले, तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत अनेक बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? "अमक्याची आई लिहा, तमक्याची बायको लिहा." तसंच लिहिलं गेलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना हे मान्य नव्हतं. मत माणसाचं असतं, 'अमक्याच्या आई'चं नसतं, ही त्यांची भूमिका. नाव न सांगितलेल्या जवळजवळ अठ्ठावीस लाख बायकांची नोंद यादीतून काढून टाकली गेली. त्या वेळी टीका झाली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींची नावं लागली, त्यांची स्वतःची!

मुलीला हे सांगितल्यावर विचारा, "सेनसाहेबांनी बरोबर केलं का?" मी हा प्रश्न वर्गात टाकत असे आणि तास संपला तरी वाद संपत नसे. काही मुली म्हणत, केलं ते योग्यच. काही म्हणत, अठ्ठावीस लाख बायकांचं मत त्या वेळी बुडालं त्याचं काय? 'योग्य उत्तर' मी दिलं नाही, कारण ते माझ्याजवळ नव्हतं आणि लागतही नव्हतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. 'अमक्याची आई'पासून तिथवर यायला किती विती लागल्या, ते सुतळीवर मोजता येईल.

चौथीतल्या लहानग्यांसाठी आणखी एक गंमत. आपल्या राज्यघटनेची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नव्हती, प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती हातानं सुंदर अक्षरांत लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनातल्या सहकाऱ्यांनी तिच्यात चित्रं काढली. निवडणुकांच्या भागावर चित्र कुणाचं आहे ठाऊक आहे? शिवाजी महाराजांचं आणि गुरू गोविंदसिंगांचं! चौथीत वर्षभर महाराज वाचणाऱ्या मुलाला हे सांगा, त्याचे डोळे कसे चमकतात ते बघा.

शाळेनं काय करावं?

तुम्ही म्हणाल, सगळं आम्हीच करायचं तर शाळा कशाला? रास्त आहे. पण शिक्षकांना एकदम दोष देऊ नका. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पुरं करायचं पुस्तक आणि वर जनगणना, मतदारयाद्या, निवडणुकीची ड्यूटी. यातली विसंगती बघा. ज्या बाई उन्हातान्हात दारोदार फिरून मतदारांची नावं तपासतात, मतदान केंद्रावर मुलांच्या आईबाबांच्या बोटाला शाई लावतात, त्या वर्गात आल्या की 'निवडणूक प्रक्रिया' हा धडा पुस्तकातून वाचून दाखवतात! बाईंनी त्या दिवशीची हकिगत सांगितली, केंद्रावर पहाटे किती वाजता पोचलो, यंत्र सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर ते रिकामं असल्याचं कसं दाखवलं, कोण आजोबा काठी टेकत आले, तर धडा पाठ करावाच लागणार नाही. पालकसभेत हे बाईंना प्रेमानं सुचवायला काय हरकत आहे?

पाठांतराशिवाय चालतं, याचे दाखले आहेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद भागात 'एकलव्य' या संस्थेनं १९८० नंतरच्या दशकात काही सरकारी शाळांमधून सामाजिक शास्त्रांची निराळी पुस्तकं शिकवून पाहिली. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची परवानगी असे, कारण प्रश्नच असे असत की उत्तर जसंच्या तसं पुस्तकात सापडू नये. आपल्याकडेही २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या इतिहासात खेळ, पर्यटन, प्रसारमाध्यमं असे धडे आले. पुस्तक एक पाऊल पुढं आलं. गाईडं मात्र जिथल्या तिथं आहेत!

आणि गुणांची काळजी करणाऱ्या आयांना सांगते, मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं ना? तक्रारीचं पत्र, विनंतीचं पत्र. मुलं वर्षभर न टाकायची पत्रं लिहितात. त्यातलं एक खरंच टाकायला लावा.

आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या एका मुलीनं कोपऱ्यावरच्या बंद दिव्याबद्दल असं पत्र लिहिलं. क्लासहून परतताना तिला त्या अंधारातून यावं लागे. आधी प्रश्न, पत्र पाठवायचं कुणाला? वीज कंपनीला की नगरपरिषदेला? चौकशी केली तेव्हा कळलं की वीज कंपनीची, पण रस्त्यावरच्या दिव्याची देखभाल नगरपरिषदेची. मग खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घेतला, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र केलं, दोन प्रती काढल्या आणि आईला घेऊन स्वारी कचेरीत गेली. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "बाळ, बाबांना पाठव." ती म्हणाली, "पत्र मी लिहिलंय. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक द्या." आईच्या पोटात गोळा! पण त्यांनी दिला. दिवा लागायला दीड महिना लागला, मध्ये दोनदा तो क्रमांक सांगून आठवण करावी लागली. सहामाहीत नगरपरिषदेच्या कामांवर प्रश्न आला तेव्हा ही पोरगी पुरवणी मागून लिहीत होती.

मुलींच्या बाबतीत तर हे फार निकडीचं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून नगरपरिषदांत एक तृतीयांश जागा बायकांना राखून ठेवल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. या जागांवर उद्या आपल्याच मुली बसायच्या आहेत. नगरसेविका बाई घरात आणि फलकावर यजमानांचा हात जोडलेला फोटो, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते नको असेल तर 'आवक क्रमांक द्या' हे वाक्य सातवीतच तोंडात बसलेलं बरं.

शेवटी शाळेकडे मागायची एक गोष्ट. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून देशभर पाळला जातो. उद्देशिकेचं वाचन होतं, ते चांगलंच आहे. पण त्या आठवड्यात आठवी-नववीच्या एखाद्या तुकडीला नगरपरिषदेत नेता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारा. मुख्याधिकाऱ्यांना शाळेच्या कागदावर आधी पत्र द्यावं लागेल, सर्वसाधारण सभेची तारीख विचारून घ्यावी लागेल आणि वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं नेऊ नयेत. मुलांनी जाण्यापूर्वी आपापल्या प्रभागातला एक प्रश्न वहीत लिहून न्यावा आणि सभेत त्यावर कुणी बोललं का ते टिपावं. नगराध्यक्ष कसे निवडले, तेही तिथंच विचारावं. हा नियम कधी थेट जनतेतून, कधी नगरसेवकांमधून असा इतक्यांदा बदलला आहे, की जुन्या पुस्तकावर विसंबून चालत नाही. सोबत दोन-तीन आया असाव्यात. मुलांना डबा आणि पाण्याची बाटली द्या. सभा ठरल्या वेळी सुरू होईलच असं नाही.